वीस हजार ओहम प्रति व्होल्ट

काटेवाल्या जुन्या मल्टिमीटरची तबकडी नीट पाहिली, तर मोठ्या कमानदार पट्ट्यांच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली दिसते : २०,००० ओहम प्रति व्होल्ट. विकणाऱ्याचं तिच्याकडे लक्ष नसतं. घेणाराही काच फुटलेली नाही ना, काटा हलतो ना, एवढंच पाहतो. मोजमापाची जुनी उपकरणं जमवू पाहणाऱ्याने मात्र सुरुवात या ओळीपासून करावी. मीटर कुठल्या काळातला, कुठल्या कामासाठी घडवलेला आणि त्याने सांगितलेला आकडा कितपत धरून चालायचा, हे तिच्यावरून कळतं.

या मीटरचा गाभा म्हणजे चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या अरुंद फटीत फिरणारी अतिशय बारीक तारेची कॉइल. तिच्या दोन्ही टोकांना टोकदार आस, आस टेकवायला कठीण रत्नखड्याचे खळगे, आणि वर-खाली एकेक नाजूक स्प्रिंग. कॉइलमधून प्रवाह गेला की चुंबक तिला वळवतो, स्प्रिंग परत ओढते, आणि दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात तिथे काटा थांबतो. फ्रान्समध्ये दार्सोंव्हाल आणि देप्रे यांनी १८८२ मध्ये ही रचना मांडली. एडवर्ड वेस्टनने अमेरिकेत १८८८ च्या सुमारास ती हातात नेता येईल आणि थेट आकडा वाचता येईल अशा उपकरणात बसवली. त्यानंतर शंभर वर्षं प्रयोगशाळांतले बहुतेक काटे याच तत्त्वावर फिरले.

चांगल्या मल्टिमीटरचा काटा पट्टीच्या शेवटापर्यंत जायला ५० मायक्रोअँपिअर प्रवाह पुरतो, म्हणजे एका अँपिअरचा वीस हजारावा भाग. एक व्होल्ट मोजायचा आणि प्रवाह ५० मायक्रोअँपिअरच्या वर जाऊ द्यायचा नाही, तर वाटेत २०,००० ओहमचा रोध हवा. दहा व्होल्टच्या पट्टीवर तो दोन लाख ओहम होतो. कोपऱ्यातल्या ओळीचा अर्थ एवढाच, पण त्याचे परिणाम लांबवर जातात.

समजा, १० व्होल्टच्या सप्लायवर एकेक लाख ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले. मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट असणार, हे शाळेतलं गणित. तिथे १,००० ओहम प्रति व्होल्टचा जुना मीटर दहाच्या पट्टीवर लावला, तर त्याचा स्वतःचा दहा हजार ओहमचा रोध खालच्या रेझिस्टरला समांतर जाऊन बसतो आणि काटा जेमतेम ०.८३ व्होल्ट दाखवतो. वीस हजारवाला मीटर ४ व्होल्ट दाखवतो. दोनशे-अडीचशे रुपयांत मिळणारा पिवळा डिजिटल मीटर, ज्याचा आतला रोध बहुधा दहा लाख ओहमच असतो, ४.७६ दाखवतो. एक कोटी ओहमचा चांगला डिजिटल मीटर ४.९८ वर येतो. यातला एकही मीटर बिघडलेला नाही. आपण आत शिरल्यावर सर्किटची जी स्थिती झाली, ती प्रत्येकाने बरोबर सांगितली आहे.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या आणि ट्रान्झिस्टरच्या दुरुस्तीपत्रकांत म्हणूनच व्होल्टेजच्या आकड्यांखाली एक टीप असे : हे आकडे अमुक ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने घेतले आहेत. आज एखादा तरुण मेकॅनिक महागड्या डिजिटल मीटरने तेच बिंदू मोजतो, आकडे छापलेल्यापेक्षा चढे येतात, आणि तो चांगला भाग उपटून नवा लावतो. त्याच्या शेजारी त्या काळचा मीटर असता, तर हे टळलं असतं. जुना रेडिओ, जुना ॲम्प्लिफायर, जुना स्टॅबिलायझर ज्याला त्याच्या मूळ स्थितीत आणायचा आहे, त्याच्यासाठी जुना मीटर हे आजही कामाचं हत्यार आहे. या छंदात जे मीटर मोजतात त्यांनाच जागा द्यावी, असं मला वाटतं, आणि पुढचं सगळं त्या भूमिकेतून लिहिलं आहे.

आपल्याकडच्या जुन्या तंत्रज्ञांच्या तोंडी कोणताही मोठा मल्टिमीटर म्हणजे ‘एव्हो मीटर’. डोनाल्ड मॅकाडी या ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या अभियंत्याला अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायला वेगवेगळी उपकरणं वागवावी लागत. ती एका पेटीत आणण्याची त्याची कल्पना लंडनच्या ऑटोमॅटिक कॉइल वाइंडर कंपनीने १९२३ मध्ये एव्होमीटर या नावाने बाजारात आणली. १९५१ मध्ये त्याचं आठवं मॉडेल आलं आणि किरकोळ सुधारणांसह २००८ पर्यंत बनत राहिलं. तीनेक किलो वजनाची काळी पेटी, वर चामड्याचा पट्टा, समोर दोन मोठ्या नॉब, एक डीसीसाठी आणि एक एसीसाठी. तबकडीवर काट्यामागे आरशाची पट्टी. काटा आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं, की डोळा बरोबर समोर आहे असं समजायचं आणि मगच आकडा वाचायचा. या पेटीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिचं कटआउट बटण. चुकून जास्त व्होल्टेज दिलं आणि काटा टोकाला आदळला, की आतली यांत्रिक खिट्टी सुटते, बटण टक्कन वर येतं आणि मीटर सर्किटपासून तुटतो. विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातून हे मीटर वाचले, त्याचं बरंचसं श्रेय या खिट्टीला आहे.

आता नागपूरच्या धरमपेठेत असे मीटर येतात कुठून? त्यासाठी या वस्तीच्या भोवतालचं शहर पाहावं लागतं. अंबाझरीच्या बाजूला १९६० मध्ये विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग सुरू झालं, तेच आजचं व्हीएनआयटी. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट १९४२ पासूनची. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, आणि १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण वाहिनी देशभर ऐकू जावी म्हणून १,००० किलोवॉटचा मध्यमलहरी ट्रान्समीटर नागपूरलाच उभा राहिला, कारण हे शहर देशाच्या मधोमध आहे. शिवाय रेल्वेच्या दोन झोनची विभागीय कार्यालयं, अंबाझरीचा आयुध कारखाना, वायुसेनेची मेंटेनन्स कमांड, वीज मंडळ, टेलिफोन खातं. यांतल्या प्रत्येक ठिकाणी मोजमापाची उपकरणं होती आणि ती वापरणारी माणसं होती. त्यांतले अनेक जण धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर, रामनगर भागात राहिले. कुणाच्या माळ्यावर ऑफिसच्या लिलावात घेतलेला मीटर होता, कुणाकडे हौसेने बांधलेला पॉवर सप्लाय. वेस्ट हायकोर्ट रोडच्या आतल्या गल्ल्यांत जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभ्या राहताना माळे रिकामे होतात, आणि ही उपकरणं पितळी भांड्यांबरोबर कबाड्याच्या हातगाडीवर येतात.

तिथला संवाद ठरलेला. “काय पाहून राहिले जी?” “हा चालते का, भाऊ?” “काटा हालून राहिला न! वजनावर देतो, घेऊन जा.” वजनाचा भाव ही या व्यवहारातली काळजीची गोष्ट आहे. कबाड्याच्या हिशोबात मीटर म्हणजे थोडं तांबं, थोडं पितळ आणि उरलेलं बेकेलाइट. दोन दिवसांत गिऱ्हाईक आलं नाही, तर कॉइलची तांब्याची तार आणि पितळी टर्मिनल वेगळे होतात, चुंबक मुलांच्या हातात जातो आणि तबकडी कचऱ्यात. सीताबर्डीवरच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत सुटे भाग विकणाऱ्यांना जुन्या मीटरची निदान ओळख असते. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्यात तपकीर गल्ली आणि मंगळवार पेठेतला जुना बाजार ही या मालाची मोठी ठिकाणं. नागपूरकराने तिकडे जरूर जावं, पण आधी आपल्या गल्लीतल्या कबाड्याशी ओळख करून ठेवावी. “मीटर, सीआरओ, डबे असलं काही आलं तर तोडू नका, फोन करा,” एवढं सांगून ठेवलं की पुष्कळ वाचतं.

जगभरच्या संग्राहकांना अमेरिकन आणि जर्मन नावांची ओढ असते. शिकागोचा सिम्पसन २६०, टेक्ट्रॉनिक्सचे सीआरओ (कॅथोड रे ऑसिलोस्कोप), ह्यूलेट-पॅकार्डचा ऑसिलेटर. १९३९ मध्ये सुरू झालेल्या ह्यूलेट-पॅकार्डचं पहिलं मोठं गिऱ्हाईक वॉल्ट डिस्नेचा स्टुडिओ होता. ‘फँटेशिया’ चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी त्यांनी आठ ऑसिलेटर घेतले. ही उपकरणं देखणी आहेत, आणि त्यांची काळजी घ्यायला जगात संग्रहालयं आहेत, हजारो हौशी माणसं आहेत. महाराष्ट्रात बनलेल्या उपकरणांची काळजी मात्र आपण घेतली नाही तर दुसरं कोण घेणार? मी नव्या संग्राहकाला सांगेन : नाशिक आणि ठाणे आधी, शिकागो नंतर.

नाशिकपासून सुरू करू. नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकांत, आयटीआयत आणि वीज मंडळाच्या कार्यशाळांत वर्षानुवर्षं वापरात होते. त्यांच्या ‘८ एक्स’ची ठेवण एव्होच्या आठव्या मॉडेलच्या वळणाची : तशीच पेटी, तसाच आरसा, तशाच दोन नॉब. या घराण्याची सुरुवात १९०९ मध्ये सिंधमधल्या सक्करला झाली. पुढे ते मुंबईला आले आणि ‘शिकागो रेडिओ’ या नावाने लाउडस्पीकर पुरवू लागले. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या सभांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ही अक्षरं वाचता येतात. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा झालेल्या खटल्यात या कंपनीचे नानक मोटवानेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. आपल्या कॉलेजच्या टेबलावर ज्याने आपण ओहमचा नियम पडताळला, त्या मीटरच्या बनवणाऱ्यांचा हा पूर्वेतिहास किती जणांना ठाऊक असेल? नाशिकमध्ये १९८२ पासून ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सही मीटर बनवते आहे, म्हणजे मोजमापाची उपकरणं हा त्या शहराचा जुना व्यवसायच म्हणायचा.

ठाण्याची गोष्ट एका मराठी अभियंत्याची आहे. प्रभाकर देवधर यांनी १९६२ मध्ये ॲपलॅब सुरू केली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापनाही त्याच वर्षीची, आणि ॲपलॅब वाढली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. महाराष्ट्रातल्या ज्या कुणी विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत १९७० ते १९९० च्या दशकांत तास काढले आहेत, त्याच्या हाताखालून ॲपलॅबचा डीसी पॉवर सप्लाय गेलेला असण्याची शक्यता फार मोठी : समोर दोन छोटे काटेवाले मीटर, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा, खाली लाल-काळी टर्मिनल. देवधर पुढे राजीव गांधींच्या काळात केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले.

ही उपकरणं इथे का बनली, हे समजायला तो काळ डोळ्यांसमोर हवा. परदेशी चलनाचा तुटवडा, आयातीला परवाना, परवान्याला महिनोन्‌महिने. होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९६६ मध्ये आला. १९७० मध्ये स्वतंत्र विभाग आणि १९७१ मध्ये आयोग. देशात जे बनेल ते इथलंच घ्यायचं, हे धोरण ठरलं. कॉलेजांना परदेशी सीआरओ सहज मिळत नव्हता, म्हणून इंदूरच्या सायंटिफिक कंपनीने जर्मनीच्या हॅमेगशी करार करून बनवलेले सीआरओ आले. हैदराबादची ईसीआयएल, अहमदाबादची सिस्ट्रॉनिक्स यांचीही उपकरणं आली. काहींची नॉब सैल, काहींची छपाई पुसट, पण सर्किट सरळ आणि भाग इथल्या बाजारात मिळणारे. १९९१ नंतर आयात मोकळी झाली, चिनी डिजिटल मीटर शेकड्यात मिळू लागला, आणि ही पिढी प्रयोगशाळेच्या कपाटात मागच्या रांगेत गेली. पुष्कळ उपकरणं अजूनही दुरुस्त होण्याजोगी आहेत, कारण त्यांचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि चिमट्यात धरता येतो.

बाजारात मीटर हाताळताना खिशात एक पेन्सिल सेल आणि दहा हजार ओहमचा एक चांगला रेझिस्टर ठेवावा. आधी मीटर आडवा, मग उभा, मग कुशीवर धरून काटा शून्याच्या आसपास राहतो का पाहावं. फार सरकला तर तोल बिघडला आहे. शून्यापासून शेवटपर्यंत काटा कुठेही अडखळता कामा नये. मधेच अडखळत असेल तर बहुधा चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कण शिरला आहे, आणि तो काढणं नवशिक्याचं काम नव्हे. मग अडीच किंवा दहा व्होल्टच्या पट्टीवर सेल. नवा सेल दीड व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. शेवटी ओहम, आणि इथे बहुतेक मीटर हरतात, कारण आतला सेल वर्षानुवर्षं तसाच राहिलेला असतो. मागचं झाकण उघडून सेलच्या खोलीत पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये. पांढरी-हिरवी बुरशी नुसत्या पत्र्यांवर असेल तर व्हिनेगर आणि ब्रशने निघते. तीच आत तारांवर चढली असेल तर मीटर फक्त सुट्या भागांसाठी घ्यावा.

एव्होच्या वरच्या ओहम पट्टीला १५ व्होल्टची एक छोटी बॅटरी लागते आणि ती आता सहज मिळत नाही. तीन व्होल्टचे पाच बटण सेल एका नळीत एकापुढे एक घातले की काम होतं. ही पट्टी आजच्या नाजूक चिपवर मात्र वापरू नये, १५ व्होल्टने ती जळू शकते. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते : बहुतेक काटेवाल्या मीटरमध्ये ओहम मोजताना आतल्या बॅटरीचा धन ध्रुव काळ्या वायरवर येतो. डायोड तपासताना लाल-काळं डिजिटल मीटरच्या उलट लागतं. जुन्या मेकॅनिकला हे सांगावं लागत नाही, त्याच्या हाताला ते माहीत असतं. त्याच ओहम पट्टीवर तो कपॅसिटर तपासतो. काटा झटक्यात उजवीकडे जातो, मग हळूहळू परत येतो. किती दूर गेला त्यावरून क्षमता, कुठपर्यंत परतला त्यावरून गळती. डिजिटल पडद्यावर त्या वेळी नुसते आकडे पळताना दिसतात.

नागपूरच्या हवेचा या छंदाशी थेट संबंध आहे. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने लोखंडी भाग गंजतात, ट्रान्सफॉर्मरला ओल धरते. इथे ती चिंता कमी. इथली शिक्षा वेगळी. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा गच्चीखालच्या माळ्यावर चामड्याचे पट्टे तडकतात आणि पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी प्लॅस्टिकची काच कोरड्या फडक्याने पुसली, की तिच्यावर स्थिर विद्युतभार साठतो आणि काटा वाटेल तिथे चिकटून बसतो. माणूस घाबरतो, मीटर गेला असं समजतो. काचेवर तोंडाने वाफ सोडली तर काटा शून्यावर येतो. साबणाच्या अगदी पातळ पाण्याचा बोळा फिरवून वाळू दिलं, तर बरेच दिवस त्रास होत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरचे कूलर खाली उतरतात, पंप आणि मोटरच्या वाइंडिंगची तपासणी सुरू होते, आणि गोकुळपेठेच्या आसपासच्या दुरुस्तीवाल्यांकडे मीटर सतत हातात असतो. जुना काटेवाला मीटर कंटिन्युइटी पाहायला तिथे आजही चालतो.

मात्र चालू लाइनवर, विशेषतः तीन फेजच्या पॅनेलवर, जुना मीटर लावू नये. त्यात आजच्या सुरक्षेच्या दर्जाचे फ्यूज नसतात, वायरींचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. शॉर्ट झाला तर कटआउट बटण मीटर वाचवेल, हात वाचवेल याची खात्री नाही. तिथे चांगल्या दर्जाचा नवा मीटरच हवा. याबाबतीत हौसेला सूट नाही.

पॉवर सप्लाय आणि सीआरओ थेट प्लगमध्ये घालून बटण दाबण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या कपॅसिटरना एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं तर ते फुटतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसा डिमरस्टॅट मिळाला, तर शून्यापासून हळूहळू व्होल्टेज चढवत न्यावं. नाही तर जुन्या रेडिओ मेकॅनिकचा सिरीज बल्ब आहेच : साठ किंवा शंभर वॉटचा पिवळा बल्ब उपकरणाच्या वाटेत एकापुढे एक लावायचा. तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सीआरओच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही त्यातले काही आत साठून राहतात. ज्याने कुणा जाणत्याच्या शेजारी बसून हे काम पाहिलेलं नाही, त्याने सीआरओचं झाकण उघडू नये. हा छंद एकट्याने शिकण्याचा नाही. व्हीएनआयटीतून, पॉलिटेक्निकांतून, आकाशवाणीतून निवृत्त झालेली जी माणसं या भागात आहेत, त्यांच्याकडे बसून शिकण्यासारखं जे आहे, ते कुठल्याही छापील पुस्तकात सापडणार नाही.

मीटर खरा आहे का, हे घरी तपासण्याची सोय आता स्वस्त झाली आहे. पूर्वी प्रमाण म्हणून वेस्टन सेल असे : २० अंश सेल्सिअसला १.०१८३ व्होल्ट, आणि तोही प्रवाह जवळजवळ न घेता मोजायचा. आज अडीच, पाच, साडेसात आणि दहा व्होल्ट नेमके देणारे छोटे बोर्ड काहीशे रुपयांत मिळतात. तुलना करताना एक नियम ध्यानात ठेवावा : काटेवाल्या मीटरची चूक पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत सांगितलेली असते. दहा व्होल्टच्या पट्टीवर दोन टक्के म्हणजे ०.२ व्होल्ट, पट्टीवर कुठेही. त्याच पट्टीवर दोन व्होल्ट मोजले तर चूक दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून काटा उजव्या तिसऱ्या भागात येईल अशी पट्टी निवडायची. मीटर पाठवताना किंवा गाडीवर नेताना नॉब बंद स्थितीत ठेवावी, ती खूण नसेल तर टर्मिनल तारेने जोडून टाकावीत. हिसक्याने कॉइल हलली की तिच्यात प्रवाह निर्माण होतो, बंद वाटेने फिरतो आणि कॉइलच्याच हालचालीला विरोध करतो. मीटर स्वतःला स्वतःच आवरतो. चुंबक आणि कॉइलचं हे नातं इतक्या सोप्या रीतीने दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही : टर्मिनल मोकळी ठेवून मीटर हलवा, मग जोडून हलवा, आणि काटा पाहा.

अमेरिकेत जिम विल्यम्स नावाचा एक थोर ॲनालॉग अभियंता होता. जुनी उपकरणं विकत घेऊन, उघडून, दुरुस्त करून तो सर्किट शिकला आणि त्यावर आयुष्यभर लिहीत राहिला. २०११ मध्ये तो गेल्यावर त्याचं पसाऱ्याने भरलेलं कामाचं टेबल जसंच्या तसं कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये मांडण्यात आलं. आपल्या इथे हे काम सध्या घरातल्या कपाटांनाच करायचं आहे, म्हणून कपाटात वस्तू ठेवण्याची रीत नीट हवी.

सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उपकरणांच्या पाठीवर किंवा बुडाशी ऑइलपेंटने लिहिलेला एक आकडा असतो, विभागाची अक्षरं आणि बहुधा वर्ष. तो डेड स्टॉक रजिस्टरचा नंबर. पुष्कळ जण उपकरण चकचकीत करण्याच्या नादात तो थिनरने पुसतात. कृपा करून पुसू नका. हे यंत्र कोणत्या प्रयोगशाळेत होतं, कोणत्या वर्षी घेतलं गेलं, एकाच प्रकारचे किती नग होते, याचा माग बाहेरच्या माणसाला या नंबरावरूनच लागतो. सरकारी वस्तू असेल तर लिलावाची किंवा निर्लेखनाची पावती मागून घ्यावी. नंबर आहे आणि पावती नाही, तर वस्तू सोडून द्यावी. कुणी विकायला आणलेल्या वस्तूबरोबर फाटकं का होईना माहितीपत्रक किंवा सर्किटचा कागद असेल, तर त्याला वस्तूइतकीच किंमत मोजावी आणि त्याच दिवशी स्कॅन करावा.

अशी उपकरणं मिळण्याची वाट आता अरुंद होते आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रयोगशाळेतली उपकरणंही आली. निकामी ठरलेला माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यायचा, आणि विषारी कचरा उघड्यावर जाळण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण एकदा ‘निकामी’ शिक्का बसून माल ट्रकमध्ये गेला, की त्यातला नाशिकचा मीटर किंवा ठाण्याचा पॉवर सप्लाय परत येत नाही. म्हणून जायचं ते शिक्का बसण्याआधी. आपल्या जुन्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना आणि प्रयोगशाळा सहायकांना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी भेटावं. त्या वर्षी काय काढणार आहेत ते विचारावं. प्रत्येक प्रकारचं एक चालू उपकरण त्याच्या रजिस्टर नंबरासह विभागाच्याच काचेच्या कपाटात ठेवता येईल का, ते पाहावं. दुरुस्तीचं काम आपण फुकट करून देऊ, असं सांगावं. घरी आणलेल्या प्रत्येक मीटरसोबत एक पोस्टकार्डाएवढा कागद ठेवावा : बनवणारी कंपनी आणि गाव, मॉडेल, अनुक्रमांक, कुठून मिळाला, कुणी वापरला, काय बदललं, आणि ५ व्होल्टच्या प्रमाणावर त्याने किती दाखवले, तारखेसह.